बजेट गेमिंग पीसी: सगळा पैसा ग्राफिक्स कार्डात घालू नका!

लॅमिंग्टन रोडला खरेदीला निघालाय? थांबा, आधी हे वाचा.

बैलगाडीचा एक बैल तगडा आणि दुसरा मरतुकडा असेल, तर गाडी मरतुकड्याच्याच चालीने जाते. पीसीचंही तसंच. भारी ग्राफिक्स कार्डाला जुना चार कोरचा प्रोसेसर जोडलात, तर कार्ड नुसतं वाट बघत बसतं.

१०८०पी गेमिंगसाठी जमून येणारी एक जोडी:

🔹 प्रोसेसर: रायझन ५ ५६००. ६ कोर, १२ थ्रेड, ६५ वॅट. कूलर बॉक्समध्येच मिळतो.
🔹 ग्राफिक्स: रेडिऑन आरएक्स ६६००, ८ जीबी. वीज साधारण १३२ वॅट.
🔹 मदरबोर्ड: साधा बी५५०. दिव्यांच्या झगमगाटाने एफपीएस वाढत नाही!
🔹 रॅम: १६ जीबीची एक काडी नको, ८-८ च्या दोन घ्या. ड्युअल चॅनलमुळे फरक पडतो. डीडीआर४, ३२०० वेगाची घेतलीत तर बायॉसमध्ये एक्सएमपी चालू करा, नाहीतर ती कमी वेगानेच चालेल.
🔹 स्टोरेज: ५०० जीबी किंवा १ टीबी एनव्हीएमई एसएसडी.
🔹 एसएमपीएस: नामांकित कंपनीचा ५५० वॅट, ८० प्लस ब्रॉन्झ. इथे काटकसर नको. हलका एसएमपीएस गेला तर जाताना बाकीच्यांनाही घेऊन जाऊ शकतो.

आणि हो, मॉनिटर ६० हर्ट्झचाच असेल, तर १४४ एफपीएस काढूनही स्क्रीनवर सेकंदाला ६० चित्रंच दिसणार. बजेट मॉनिटरसकट धरा.

तुमचं बजेट किती? कमेंटमध्ये सांगा, मिळून जुळवू. 👇