ड्रिल मशीन आणि सैल बाही

झरी जामणीत घरी फळी बसवताना आमच्या कुर्त्याची बाही फिरत्या ड्रिलमध्ये गुंतली. सततच्या वापरासाठी असते ते लॉकचे बटण दाबलेले नव्हते. बोट सुटताच मशीन थांबली. बाही फाटली, मनगट वाचले. हयात कापड विकण्यात गेली, पण सैल कापड असे वैरी होते हे तेव्हा कळले.

विजेचे हात-ड्रिल 1895 साली जर्मनीत फाईन कंपनीने बनवले. आज ते घरोघरी आहे, म्हणून कारागीर बंधूंनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. बाही कोपरापर्यंत दुमडावी. ओढणी, मफलर काढून ठेवावा. कापडी हातमोजे घालू नयेत, तेही गुंततात. डोळ्यांना चष्मा हवाच.

सिमेंटच्या भिंतीला कार्बाइड टोकाचा बिट आणि हॅमर लावावा. लाकूड-लोखंडाला हॅमर बंद ठेवावा. 8 मिलिमीटरच्या गिट्टीला 8 चाच बिट घ्यावा. अंगाचा जोर देऊ नये, मशीनला तिचे काम करू द्यावे.

भिंतीतल्या वायरी बहुधा स्विचबोर्डाच्या सरळ वर किंवा खाली जातात. तेथे भोक पाडू नये. बिट बदलताना प्लग काढावा आणि चकची चावी चकात विसरू नये. लाईट गेली तरी प्लग काढावा, नाहीतर लॉक लावलेली मशीन लाईट येताच आपोआप फिरू लागते. घरच्या बोर्डात 30 मिलिअँपिअरचा अर्थ लिकेज ब्रेकर बसवून घ्यावा.

फळी उद्याही बसेल. हात सलामत तर रोजी सलामत.