रंगपडद्यावरून चौकात

कोल्हापूरच्या शिवाजी चौकात पूर्वी मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचा पुतळा होता. स्वातंत्र्यचळवळीत कार्यकर्त्यांनी तो विद्रूप केला. पुढे चित्रपट दिग्दर्शक भालजी पेंढारकरांच्या पुढाकाराने 1945 साली त्या जागी शिवाजी महाराज आले. तो पुतळा घडवला बाबूराव पेंटरांनी.

बाबूराव (1890–1954) कलाशाळेत शिकलेले नव्हते. चुलतभाऊ आनंदरावांच्या जोडीने त्यांनी संगीत नाटकांचे पडदे रंगवले, पुढे ‘सैरंध्री’ (1920) हा चित्रपट काढला. चौकातल्या कामाची खरी तालीम त्या पडद्यांवरच झाली असावी. पडदा रंगवणाऱ्याला पिटातल्या शेवटच्या प्रेक्षकाचं भान ठेवावंच लागतं. नाजूक छटा तिथवर पोचत नाही. पुतळ्याचंही तसंच. बघणारा खाली, तोही सायकलवरून चाललेला. त्याला आधी आकृतीची कड दिसते, चेहरा नंतर. उंच चौथऱ्यावर जाणाऱ्या पुतळ्याचं डोकं शिल्पकार म्हणूनच किंचित मोठं घेतात. स्टुडिओत ते बेढब वाटतं, वर चढलं की बरोबर दिसतं.

आनंदरावांचे चिरंजीव रवींद्र मेस्त्री हेही चित्रकार आणि शिल्पकार. कावळा नाक्यावरचा ताराराणींचा अश्वारूढ पुतळा त्यांचा. घोड्याने पुढचे दोन्ही पाय उचललेले, त्यामुळे सगळा भार मागे. इथे नुसता हात चांगला असून भागत नाही, वजनाचा हिशेबही यावा लागतो.

कॅनव्हास बिघडला तर भिंतीकडे तोंड करून ठेवता येतो. पुतळ्याला ती सोय नाही, तो टप्प्याटप्प्याने घडतो. लोखंडी सांगाड्यावर शाडूचा नमुना, मग प्लास्टरचा साचा, मेणाची प्रत, मेण वितळवून त्या पोकळीत ओतलेलं ब्राँझ, शेवटी तुकड्यांची जोडणी. महाराष्ट्रात शाडूच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता लागते. शिवाय पुतळा समिती असतेच, आणि समितीतल्या प्रत्येकाच्या मनात महाराजांचं नाक वेगळं असतं! वारा मात्र कुणाचं ऐकत नाही. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर डिसेंबर 2023 मध्ये उभारलेला शिवाजी महाराजांचा 35 फुटी पुतळा 26 ऑगस्ट 2024 रोजी कोसळला, तेव्हा चेहऱ्यापेक्षा चर्चा सांगाड्याची आणि जोडकामाची झाली.

कोल्हापुरात पुतळा करवून घेणाराही कधी कधी चित्रकारच निघाला. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले भाई माधवराव बागल निसर्गचित्रं रंगवता रंगवता कोल्हापूर संस्थानातल्या प्रजापरिषदेच्या राजकारणात शिरले. बिंदू चौकात 9 डिसेंबर 1950 रोजी महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर यांचे पुतळे बसले ते त्यांच्याच खटपटीने, आंबेडकर हयात असताना.