मालमोटारीचा फीड पंप

संत्र्यांनी भरलेला एखादा जुना ट्रक बोरगावाहून छिंदवाड्याकडे निघतो आणि सिल्लेवानीच्या घाटात धापा टाकीत थांबतो. टाकीत डिझेल असते. मग इंजिन उपाशी का, असा प्रश्न विद्यार्थिमित्रांना पडेल.

टाकीतील डिझेल ओढून आणणे व फिल्टरमधून मुख्य पंपाकडे लोटणे, हे लहानशा फीड पंपाचे काम. चढावर इंजिनाची मागणी वाढते. पंपाचा दट्ट्या वा झडपा झिजल्या असल्या, तर ती पुरी होत नाही. शिवाय ओढणाऱ्या नळीतील दाब बाहेरील हवेहून कमी असतो. त्यामुळे तिचा जोड सैल झाला, तर तेल बाहेर गळत नाही. उलट हवाच आत शिरते. हवा दाबली जाते, तेल सहसा दाबले जात नाही. म्हणून नळीत हवा असली, की नोझल उघडण्याइतका दाब होत नाही. यालाच मिस्त्री ‘एअर घेतली’ असे म्हणतात.

यावर पुष्कळजण टाकीजवळ विजेचा पंप बसवितात. मग नळीत ओढीऐवजी दाब येतो आणि लपलेला दोष थेंबाथेंबाने आपला पत्ता सांगतो. परंतु हा पंप इंजिनास मानवेल इतक्याच दाबाचा हवा. इंजिन बंद पडताच तोही थांबला पाहिजे. नाहीतर अपघातात तुटलेल्या नळीतून तो डिझेल ओततच राहील.

तथापि नवा पंप आणण्यापूर्वी फिल्टर, वायसर व नळ्या तपासाव्या, असे आम्हांस वाटते. रोग नळीत असता हृदय बदलण्यात काय हशील?