माजी सैनिकाची कंबर आणि कॅन्टीनची बाटली

दरवर्षी १ जानेवारीला महार रेजिमेंटचे माजी सैनिक छातीवर पदके लावून भीमा-कोरेगावच्या विजयस्तंभाला मानवंदना देतात. समाजाचा ऊर भरून येतो. पण तासभर ताठ उभ्या राहिलेल्या त्या माणसाची कंबर रात्री त्याला झोपू देते का, हे त्याला कोणी विचारत नाही.

लष्करातील ही जागा आम्हाला कोणी दान दिलेली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. त्याविरुद्ध गोपाळबाबा वलंगकर लढले, याच पुण्यातून शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली अर्ज केला आणि अखेर बाबासाहेबांच्या प्रयत्नांनी ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. या हक्काची किंमत जवान आपल्या मणक्यांनी आणि गुडघ्यांनी मोजतो. पाठीवर ओझे घेऊन डोंगर चढणे, बर्फातला पहारा, जुनी जखम. चाळिशीच्या आसपास, कित्येकदा त्याआधीच, तो निवृत्त होतो. पेन्शनमध्ये मुलांचे शिक्षण भागत नाही म्हणून पुण्यातल्या एखाद्या सोसायटीच्या किंवा कंपनीच्या फाटकावर बारा-बारा तास उभा राहतो. दुखरी कंबर पुन्हा पहाऱ्यावर!

मग संध्याकाळी बाटली. सरकारी कॅन्टीनमधून निवृत्तीनंतरही दरमहा सवलतीच्या दराने मद्य मिळते. दोन पेग घेतले की दुखणे बधिर होते, डोळा लागतो. पण हीच दारू मध्यरात्री झोप मोडते, वर्षानुवर्षे घेतली तर नसा खराब करते, आणि नसांचे दुखणे मूळ दुखण्यापेक्षा चिवट. दोनाचे चार होतात. जोडीला औषध दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेल्या गोळ्या. ट्रामाडॉलची सवय लागते म्हणून २०१८ साली ते अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आणले गेले. अशी गोळी दारूबरोबर घेतली तर झोपेतच श्वास मंदावून माणूस दगावू शकतो.

मद्याचा कोटा हुद्द्याप्रमाणे ठरलेला आहे. व्यायामोपचाराचा, समुपदेशनाचा कोटा कोणत्या नियमात लिहिला आहे, हे एकदा सरकारने सांगावे.

वस्तीत अशा माणसाला ‘पिदाडा’ म्हणून मोकळे होतात. विहारात पाचव्या शीलाची आणि बावीस प्रतिज्ञांची आठवण करून दिली जाते. ती द्यायलाच हवी. पण ज्याला वेदना झोपू देत नाही, त्याला नुसती प्रतिज्ञा ऐकवली तर तो विहारात यायचे बंद करतो आणि लपून पितो. सल्ल सुत्तात भगवंतांनी दोन बाण सांगितले आहेत : एक शरीराला लागतो, दुसरा मनाला. अज्ञ माणसाला दुःखातून सुटण्याची दुसरी वाट ठाऊक नसते, म्हणून तो सुखोपभोगाकडे धावतो, हेही तिथेच सांगितले आहे. निदान अचूक आहे. कपिलवस्तूच्या नव्या सभागृहात पाठ दुखू लागली तेव्हा तथागतांनी पुढचा उपदेश आनंदावर सोपवला आणि स्वतः आडवे झाले. बाबासाहेबांनाही मधुमेह आणि पायांच्या नसांचे दुखणे होते. त्यांनी डॉक्टरांचे उपचार घेतले. दुखते म्हणणे हा भित्रेपणा असता, तर या दोघांना काय म्हणायचे?

पुण्यात उपचाराच्या जागा कमी नाहीत. कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे, मणक्याला इजा झालेल्या जवानांसाठी खडकीचे पुनर्वसन केंद्र १९७४ पासून. माजी सैनिकांची आरोग्य योजना, म्हणजे ईसीएचएस, २००३ साली सुरू झाली. तिचे पॉलिक्लिनिक पुण्यात आहे. व्यसनासाठी मुक्तांगण १९८६ पासून काम करते. सैन्यदलाच्या वैद्यकीय महाविद्यालयात डिसेंबर २०२३ मध्ये जवान व त्यांच्या कुटुंबीयांसाठी टेलिमानस कक्ष उघडला गेला, आणि १४४१६ हा मानसिक आरोग्याचा मोफत क्रमांक सर्वांसाठीच आहे. अडचण अशी की हाडांचा डॉक्टर दारूबद्दल विचारत नाही आणि व्यसनमुक्तीवाला कंबरेबद्दल. दोन्ही दुखणी एकाच कागदावर आली पाहिजेत, अशी मागणी माजी सैनिकांच्या संघटनांनी पॉलिक्लिनिककडे लेखी करावी.

शाखेच्या कार्यकर्त्याने अशा एका सैनिकाबरोबर स्वतः जावे. किती पितो, कोणत्या गोळ्या घेतो, हे डॉक्टरांना खरे सांगायला लावावे. भावनेच्या भरात ‘आजपासून बंद’ अशी शपथ मात्र घालू नये. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली तर झटके येतात, भ्रम होतो, प्रसंगी जीव जातो. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडायची असते. आणि त्याच्या घरी गेल्यावर आधी त्याच्या पत्नीशी बोलावे. महिन्याला बाटल्या किती येतात आणि तो रात्री किती वेळा उठून बसतो, हे तिला पाठ असते.