मेनिंजायटिस : आधी इंजेक्शन, मग प्रवास

दसरा-दिवाळी झाली की शिरूर कासार तालुक्यातली गावे रिकामी होऊ लागतात. कोयता, भांडीकुंडी आणि तान्ही लेकरे बरोबर घेऊन ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. पुढचे काही महिने घर म्हणजे फडाजवळची कोपी. समजा, अशा एका कोपीत वर्षाच्या लेकराला रात्री ताप चढला. सकाळी उलटी झाली. लेकरू अंगावर पिईना, उचलले की किंचाळू लागले. दुपारी झटका आला. कुणी कांदा हुंगवतो, कुणी दृष्ट काढतो, तर कुणी म्हणतो, उद्या दवाखान्यात नेऊ. मला आज बोलायचे आहे ते या ‘उद्या’विषयी.

मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवती पातळ आवरणे असतात आणि त्यांत पाण्यासारखा द्रव खेळत असतो. जिवाणू तिथे पोचले की आवरणांना सूज येते. हाच जिवाणूंमुळे होणारा मेनिंजायटिस. आपल्याकडे ‘मेंदूज्वर’ हा शब्द सरसकट वापरतात. पण जपानी मेंदूज्वर किंवा चांदीपुरा हे आजार विषाणूंचे असून त्यांवर अँटिबायोटिक चालत नाही. जिवाणूंच्या मेनिंजायटिसवर मात्र हमखास उपयोगी पडणारी औषधे आहेत. अडचण अशी, की पहिल्या काही तासांत नुसते पाहून दोन्हींतला फरक कळत नाही. म्हणून संशय आला की औषध सुरू करायचे आणि तपासणीत वेगळे काही निघाले तर ते बदलायचे किंवा थांबवायचे, अशी पद्धत आहे.

पेनिसिलिन येण्यापूर्वी न्यूमोकॉकस या जिवाणूचा मेनिंजायटिस झालेला रोगी क्वचितच वाचे. आज मुख्य औषध आहे सेफ्ट्रिॲक्सोन. ते आपल्या देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. मोठ्या माणसाला दर बारा तासांनी २ ग्रॅम शिरेतून देतात, लहानांना वजनाप्रमाणे. अगदी नवजात बाळासाठी अँपिसिलिनबरोबर जेंटामायसिन किंवा सेफोटॅक्सिम वापरतात. वयस्कर रोग्याला लिस्टेरिया नावाच्या जिवाणूसाठी अँपिसिलिन जोडावे लागते, आणि औषधाला दाद न देणाऱ्या न्यूमोकॉकसची शंका असेल तर व्हँकोमायसिन.

इतका मोठा डोस कशासाठी? गोळ्या का नाहीत? रक्तातले पदार्थ मेंदूत सहजासहजी जाऊ नयेत म्हणून निसर्गाने तिथे पहारा ठेवला आहे. तो औषधालाही अडवतो. शिवाय त्या द्रवात शरीराचे स्वतःचे संरक्षण फार दुबळे असते, त्यामुळे जिवाणू मारण्याचे बहुतेक काम औषधालाच करावे लागते. सूज असते तेव्हा पहारा थोडा सैल पडतो आणि औषध आत शिरते. रोगी सुधारू लागला, सूज उतरली, की पहारा पुन्हा कडक होतो. म्हणूनच ताप उतरला तरी डोस कमी करायचा नसतो आणि इंजेक्शनऐवजी गोळ्या द्यायच्या नसतात.

बऱ्याचदा पहिल्या डोसच्या आधी किंवा त्याच्याबरोबर डेक्सामेथासोन हे सूज कमी करणारे औषध देतात. मोठ्या माणसांत त्याने मृत्यू कमी होतात, असे २००२ मध्ये युरोपातील एका अभ्यासात दिसले. मुलांमध्ये काही जिवाणूंच्या आजारात त्याने बहिरेपणा टळू शकतो.

निदानासाठी पाठीतले पाणी काढून तपासतात. या तपासणीची लोकांना फार भीती. ‘मणक्यात सुई घातली की पाय जातात’ हे पारावर नेहमी ऐकू येते. सुई कमरेच्या खालच्या भागात घालतात आणि मज्जारज्जू त्याच्या वरच संपलेला असतो. ही तपासणी शक्यतो औषधाआधी करावी. पण तिच्यासाठी किंवा स्कॅनसाठी औषध लांबवू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांचाही रोख हाच आहे.

शिरूर कासारहून गंभीर रोगी बीडला, अंबाजोगाईला किंवा अहिल्यानगरला हलवावा लागतो. रस्त्यात जाणारा वेळ जिवाणूंच्या पथ्यावर पडतो. म्हणून जवळच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना मेनिंजायटिसची शंका आली, तर पहिले इंजेक्शन तिथेच द्यावे, कोणते औषध किती वाजता दिले ते चिठ्ठीवर लिहावे आणि मग १०८ ची रुग्णवाहिका निघावी. आधी कुठे गोळ्या-इंजेक्शने घेतली असतील तर नातेवाइकांनी ती लपवू नयेत. अर्धवट औषधाने जिवाणू दडतात आणि तपासणी फसते.

दुसरा धोका शेवटच्या दिवसांत असतो. जिवाणूच्या जातीप्रमाणे उपचार साधारण आठवडा ते दोन आठवडे चालतो. नवजात बाळाला तीन आठवडेही लागू शकतात. चौथ्या दिवशी लेकरू हसू लागते. इकडे फडावर खाडा पडतो, मुकादमाचे फोन सुरू होतात. उचल घेतलेल्या माणसाची ओढाताण मला समजते. पण इथे पडलेला खाडा भरून काढता येतो. अर्ध्यावर सोडलेला उपचार जिवावर बेततो. बरे झाल्यावर महिनाभरात मुलाची श्रवणचाचणी करून घ्यावी. बहिरेपणा वेळीच कळला नाही तर बोलणेही मागे पडते.

यांतले दोन जिवाणू लसीने बऱ्याच अंशी रोखता येतात. सरकारी लसीकरणात हिबची लस पेंटाव्हॅलंटमधून ६, १० आणि १४ आठवड्यांना मिळते. न्यूमोकॉकसची लस २०२१ पासून देशभर आली असून ती ६ व १४ आठवड्यांना आणि नवव्या महिन्यात देतात. टोळी हलली तरी डोस चुकू देऊ नये. कारखान्याच्या गावीही तो मागून घ्यावा.

तेव्हा कोयत्याबरोबर लेकराचे लसीकरण कार्डही गाठोड्यात बांधा. आणि तापात मान ताठली, शुद्ध हरपू लागली, झटका आला किंवा तान्ह्याची टाळू फुगली, तर सकाळ उजाडण्याची वाट पाहू नका.