चित्रपटाच्या प्रती व पाठनिश्चितीचा प्रश्न

अमरावती जिल्ह्यातील मोर्शी तालुक्यातले रिद्धपूर हे गाव मराठीच्या अभ्यासकास सुपरिचित आहे. म्हाइंभटाने चक्रधरांच्या लीळा जमविल्या त्या येथे, आणि परंपरा असे सांगते की मूळ संहिता परचक्राच्या धामधुमीत नष्ट झाल्यावर ती शिष्यांच्या स्मरणातून पुन्हा उभी करावी लागली. त्यामुळे लीळाचरित्र आज एका पाठात उपलब्ध नाही. पिढीपाठ, हिराइसापाठ, परशरामपाठ, रामेश्वरपाठ असे त्याचे प्रवाह झाले, आणि एकच लीळा दोन पोथ्यांत दोन प्रकारे वाचावयास मिळते. बुलढाणा जिल्ह्यात जन्मलेले डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादिलेली लीळाचरित्राची आवृत्ती १९७८ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यामागे प्रतींच्या या तुलनेचे दीर्घ परिश्रम होते. प्रतींची तुलना म्हणजे काय हे वऱ्हाडातील मराठीच्या विद्यार्थ्यास वेगळे सांगावयास नको. मात्र हीच तुलना चित्रपटालाही लागू पडते, व तीही घरोघरी पाहिल्या जाणाऱ्या रेखाचित्रपटाला, ही गोष्ट अद्याप पुरेशी ध्यानात आलेली नाही.

उदाहरण दूरचे घेण्याचे कारण नाही. युगो साको या जपानी निर्मात्याने १९८३ मध्ये भारतात रामायणाशी संबंधित उत्खननांवरील माहितीपटाचे काम केले, आणि त्यातून त्यांच्या मनात संपूर्ण रामकथा चित्रांत आणण्याची कल्पना आली. कोइची सासाकी व भारतीय रेखाचित्रकार राम मोहन यांच्या सहकार्याने सिद्ध झालेला ‘रामायण : द लीजंड ऑफ प्रिन्स राम’ हा चित्रपट जानेवारी १९९३ मध्ये दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दाखविला गेला. त्याची लांबी सुमारे १३५ मिनिटे. पुढे हिंदी संवादांसह तो दूरचित्रवाणीवर, विशेषतः कार्टून नेटवर्क या वाहिनीवर, वारंवार आला, आणि अमरावती-अकोल्याच्या एका पिढीने तो तेथेच पाहिला. अमेरिकेत तो ‘प्रिन्स ऑफ लाइट’ या नावाने छाटलेल्या रूपात व नव्या निवेदनासह वितरित झाला. शेवटी २४ जानेवारी २०२५ रोजी त्याची नव्याने संस्कारित ‘फोर-के’ प्रत भारतातील चित्रगृहांत प्रदर्शित झाली. म्हणजे तीन दशकांहून थोड्या अधिक काळात एकाच कृतीच्या निदान चार शाखा झाल्या. यांपैकी ‘मूळ’ कोणती, आणि ‘चांगली’ कोणती? हे दोन प्रश्न एक नव्हेत, आणि घोटाळा होतो तो बहुधा येथेच.

प्रथम चित्राची वंशावळ पाहू. या काळातील रेखाचित्रपटात पात्राचे चित्र पारदर्शक सेलवर उतरवून मागून रंगविले जाई, ते सेल रंगविलेल्या पार्श्वभूमीवर ठेवून कॅमेऱ्याने एकेक चौकट टिपली जाई. यातून निघालेली मूळ निगेटिव्ह म्हणजे आपल्या परिभाषेत आदर्श प्रत. तिच्यापासून मधली पॉझिटिव्ह, तिच्यापासून दुसरी निगेटिव्ह, आणि तिच्यापासून चित्रगृहात धावणाऱ्या प्रती. प्रत्येक पिढीत काही तपशील गळतो व काही कण वाढतात. जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाड वितरणक्षेत्राचे अमरावती हे एक केंद्र होते. तेथील वितरकांकडून प्रत अकोल्यास, तेथून तालुक्याच्या गावी, असा सामान्यतः चित्रपटांचा प्रवास चाले. परतलेल्या प्रतीच्या रिळांच्या टोकांशी ओरखडे सर्वाधिक असत, कारण रीळ चढविताना व उतरविताना हात तेथेच लागतो. पोथीचीही पहिली व शेवटची पाने अशीच आधी झिजतात. रंगीत प्रतींत आणखी एक दोष उद्भवे. निळसर-हिरव्या छटेचे रंगद्रव्य इतरांपेक्षा लवकर उडते आणि सारे चित्र तांबूस दिसू लागते. अशी जीर्ण प्रत पाहत वाढलेल्या प्रेक्षकाला खरा रंग पुढे आला की तोच अनोळखी वाटतो.

घरगुती प्रत यांपैकी कोणत्या पिढीपासून काढली हे वेष्टनावर क्वचितच लिहिलेले असते. वेष्टनावर असते ती बिंदूंची संख्या. आपल्याकडे बहुप्रचलित झालेल्या व्हीसीडीत एका चौकटीस ३५२ × २८८ बिंदू. डीव्हीडीत ७२० × ५७६. ब्लू-रेत १९२० × १०८०. आणि ‘फोर-के’त ३८४० × २१६०. हिशेब केला तर शेवटच्या चौकटीत डीव्हीडीच्या नेमके २० पट व व्हीसीडीच्या सुमारे ८२ पट बिंदू भरतात. परंतु ही संख्या कागदाच्या आकारासारखी आहे. भ्रष्ट पोथी मोठ्या कागदावर सुवाच्य अक्षरांत उतरविली म्हणून तिचा पाठ शुद्ध होत नाही. झिजलेल्या प्रदर्शन-प्रतीवरून काढलेल्या ‘फोर-के’पेक्षा मूळ निगेटिव्हवरून काळजीपूर्वक काढलेली डीव्हीडी काही बाबतींत अधिक विश्वसनीय साक्षीदार ठरू शकते.

आता कणांचा प्रश्न. संस्कारित प्रतींविषयीचा सर्वांत मोठा वाद याच्याशी निगडित आहे, म्हणून येथे थोडे थांबणे इष्ट. फिल्मवरील प्रतिमा चांदीच्या क्षारांच्या सूक्ष्म कणांतून निर्माण होते आणि कणांची रचना प्रत्येक चौकटीत निराळी असते. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी धावतो. पण जपानी रेखाचित्रपटात एकच रेखाटन पुष्कळदा तीन चौकटींना पुरविले जाते, म्हणजे सेकंदाला आठच रेखाटने. पात्र स्थिर उभे असते, तरी त्याच्या गालावरचे कण मात्र सतत थरथरत असतात. हे कण चित्रकाराने काढलेले नाहीत हे खरे. मग ते पुसून टाकावेत की काय? वरवर पाहता उत्तर ‘होय’ असे वाटते, आणि अनेक संस्कारकर्त्यांनी तसेच केलेही. गणकयंत्र शेजारच्या चौकटी ताडून पाहते. जे तिन्ही चौकटींत सारखे राहते ते ‘चित्र’ आणि जे बदलते ते ‘मळ’ असे समजून दुसऱ्याचे निर्मूलन करते. रेखाचित्रपटात तिन्ही चौकटींत रेखाटन एकच असल्यामुळे ही युक्ती इतकी यशस्वी होते की तिचा अतिरेक करण्याचा मोह आवरत नाही. परंतु पाऊस, ठिणग्या, धूळ, दूर सुटलेला बाण या सर्व गोष्टी लहान आहेत आणि चौकटीगणिक बदलतात. यंत्राच्या दृष्टीने तोही मळच! शिवाय पेन्सिलीची रेघ सेलवर उमटताना तिच्या कडा किंचित खरबरीत राहतात. कणांबरोबर हा खरबरीतपणा गेला की रेघ मेणासारखी गुळगुळीत होते, बारीक रेघ मध्येच तुटते, आणि मग तिला उठाव देण्यासाठी धार वाढविली की तिच्या दोहों बाजूंना पांढरी कड उमटते. अशी प्रत दुकानातल्या मोठ्या पडद्यावर स्वच्छ व चकचकीत दिसते. पोथीतील आर्ष रूपे बाजूस सारून तेथे आपल्या काळची सुबोध रूपे घालणारा लेखनिकही आपण पोथी सुधारली असेच मानीत असे. अडाणी लेखनिकाच्या चुका ओळखता येतात. संहितेला खरा धोका असतो तो शहाण्या लेखनिकापासून. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत डॉ. सुखठणकरांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी गुळगुळीत पाठापेक्षा अवघड पाठास झुकते माप दिले, त्यामागील विचार हाच होता.

यावरून प्रत्येक कण पवित्र मानावा असे मात्र नाही. सेलवर पडलेली धूळ चित्रीकरणाच्या वेळीच निगेटिव्हमध्ये आलेली असते, ओरखडे नंतर येतात. दुसरे काढून टाकण्यास कोणाचीच हरकत नसावी. पहिल्याविषयी मतभेद राहणार.

रंगाच्या बाबतीत हायाओ मियाझाकी यांच्या ‘स्पिरिटेड अवे’चे उदाहरण बोधप्रद आहे. हा चित्रपट २००१ चा. जपानमध्ये २००२ साली त्याची डीव्हीडी निघाली तेव्हा संपूर्ण चित्रावर तांबूस झाक असल्याच्या तक्रारी ग्राहकांनी केल्या, आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. २०१४ मध्ये निघालेल्या ब्लू-रेत ती झाक नव्हती. येथे प्रत जुनी वा जीर्ण नव्हती, प्रकाशन अधिकृत होते, तरीही पाठ वादग्रस्त ठरला. अधिकृतता आणि शुद्धता यांची सांगड आपोआप पडत नाही, हे यावरून दिसते. याउलट मामोरू ओशी यांनी आपल्याच १९९५ च्या ‘घोस्ट इन द शेल’ची २००८ मध्ये नवी आवृत्ती काढली, तीत काही दृश्ये संगणकचित्रांनी बदलली आणि हिरवट छटेच्या जागी नारिंगी छटा आणली. हा दोष नव्हे, कर्त्याने स्वतः केलेला दुसरा पाठ होय. त्याची तुलना पहिल्याशी करावी. पहिल्याच्या जागी तो ठेवू नये.

चौकटीच्या छाटणीविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही. ४ : ३ प्रमाणाचे चित्र रुंद पडद्यासाठी १६ : ९ करताना वरून-खालून मिळून एक चतुर्थांश चित्र कापले जाते, हे साधे गणित आहे. कथानकाची छाटणी अधिक गंभीर. मियाझाकींचा ‘नौसिका’ (१९८४) अमेरिकेत १९८५ मध्ये ‘वॉरियर्स ऑफ द विंड’ म्हणून आला तेव्हा त्यातील सुमारे वीस मिनिटे नाहीशी झाली होती.

चित्राविषयी इतके झाल्यावर ध्वनीकडे वळणे प्राप्त आहे, कारण भाषेच्या अभ्यासकाचे खरे स्वारस्य तेथे आहे आणि प्रतींच्या तुलनेत दुर्लक्ष होते तेही तेथेच. भारतातील जुनी दूरचित्रवाणी सेकंदाला २५ चौकटींची होती. २४ चौकटींचा चित्रपट तीवर आणण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे तो थोडा वेगाने चालविणे. असे केले असता १३५ मिनिटांचा चित्रपट १२९ मिनिटे ३६ सेकंदांत संपतो, आणि स्वतंत्र दुरुस्ती न केल्यास सर्व आवाज सुमारे चार टक्क्यांनी चढतात. सेकंदाला १२० कंपनांचा पुरुषी स्वर १२५ चा होतो. स्वरांचे अनुनादही त्याच प्रमाणात सरकतात. कानाला हा फरक एकट्याने जाणवत नाही; दोन प्रती लागोपाठ ऐकल्यास जाणवतो. दूरचित्रवाणीवरून मुद्रित केलेल्या फितीवर उच्चाराची मापे घेणाऱ्या विद्यार्थ्याने आधी एकूण लांबी मोजावी, हे म्हणून आवश्यक.

‘रामायण’च्या बाबतीत ध्वनीचा प्रश्न याहून बिकट आहे. जुन्या हिंदी प्रतीत रामाचा आवाज अरुण गोविल यांचा, रावणाचा अमरीश पुरी यांचा आणि निवेदन शत्रुघ्न सिन्हा यांचे. २०२५ च्या प्रदर्शनासाठी हिंदी, तमिळ व तेलुगू संवाद नव्याने ध्वनिमुद्रित करण्यात आले. चित्र उजळले, आवाज मात्र बदलले. ज्यांनी हा चित्रपट बालपणी ऐकला त्यांच्या लेखी रावण म्हणजे तो विशिष्ट खर्ज होता, आणि अमरीश पुरी यांचे २००५ मध्ये निधन झालेले असल्याने तो पुन्हा मुद्रित होणे शक्य नाही. नव्या प्रतीचा चित्रपाठ श्रेष्ठ मानला तरी जुन्या हिंदी ध्वनिपाठाचे काम तिच्याने होत नाही. म्हणून एकाच प्रतीस सर्वांगी ‘उत्तम’ ठरविण्याचा आग्रह सोडून चित्र, रंग, चौकट, लांबी व ध्वनी या प्रत्येक थराचा साक्षीदार वेगळा निवडावा लागतो. पोथीसंपादकही एका अध्यायाला एक प्रत व दुसऱ्याला दुसरी प्रमाण मानतोच.

महाविद्यालयांतून असे काम करावयाचे झाल्यास फार साधनांची आवश्यकता नाही. त्याच प्रसंगातील तीच चौकट प्रत्येक प्रतीतून काढून शेजारी ठेवावी. मात्र दोन्ही एकाच पडद्यावर, एकाच मांडणीत पाहाव्यात, कारण निरनिराळ्या दूरचित्रवाणी संचांचे रंग निरनिराळे असतात आणि प्रतीचा म्हणून नोंदविलेला दोष संचाचा निघतो. पांढरे वस्त्र, राखाडी दगड अशा तटस्थ रंगाच्या वस्तू निवडल्यास झाक चटकन कळते. स्थिर चौकटीवरून कणांचा निर्णय करू नये. ते चित्र चालू असतानाच पाहावयाचे असतात. प्रत कोठून आली, केव्हा मुद्रित झाली, तिची लांबी किती, तीत कोणता प्रसंग नाही, याची नोंद प्रथम करावी. इंटरनेटवर फिरणाऱ्या प्रतींत तर एका शाखेचे चित्र व दुसरीचा ध्वनी जोडलेला आढळण्याचा संभव असतो. अशा संकीर्ण प्रतीची वंशावळ लावणे कठीण, पण निरुपयोगी नव्हे.

व्हीएचएस फितीवरील चुंबकीय ठसा वर्षानुवर्षे क्षीण होत जातो, आणि असे यंत्र बनविणाऱ्या फुनाई या शेवटच्या जपानी कारखान्याने त्याचे उत्पादन २०१६ मध्ये थांबविले. अमरावती वा अकोल्यातील एखाद्या घरी कपाटाच्या वरच्या फळीवर दूरचित्रवाणीवरून मुद्रित केलेली, मध्ये जाहिराती असलेली, कडेला हलणारी अशी ‘रामायण’ची फीत असेल, तर चित्राच्या दृष्टीने ती सर्वांत कनिष्ठ प्रत होय. त्या हिंदी आवाजांच्या दृष्टीने मात्र ती यंत्रावर चढविण्याजोगी आहे तोवर उतरवून घेतली पाहिजे.