पाण्यात उतरताना पायात काय घालाल?

सलग तीन दिवस सुट्टी आली की दिल्ली, नोएडा, गुरुग्राममधल्या अनेक घरांत ऋषिकेशच्या राफ्टिंगचा बेत ठरतो. मे महिन्यात महाराष्ट्रात गावी जाणं झालं, तर मुलांना कोलाडची कुंडलिका किंवा मालवणजवळचं तारकर्ली खुणावतं. बॅग भरताना सनस्क्रीन, टोपी, मोबाइलचं वॉटरप्रूफ पाऊच सगळं आठवणीने घेतलं जातं. पायांचा विषय मात्र ‘चप्पल आहेच की’ या एका वाक्यात संपतो.

खरं तर पाण्यातल्या खेळांसाठी लागणारं बहुतेक साहित्य तुम्हाला तिथेच मिळतं. लाइफ जॅकेट, हेल्मेट आणि वल्हं राफ्टिंगवाले देतात. पायात काय घालायचं ते मात्र तुम्हालाच ठरवावं लागतं. म्हणून ही निवड घरूनच नीट करून निघा.

चप्पल का नको?

रबरी चप्पल ओल्या पायातून सहज निसटते आणि पाण्यावर तरंगत दूर जाते. ती पकडायला माणूस नकळत दोन पावलं पुढे टाकतो. नदीत त्या दोन पावलांवर तळ अचानक खोल होऊ शकतो. म्हणून घरातल्या सगळ्यांना, विशेषतः मुलांना निघण्यापूर्वीच सांगून ठेवा : पाण्यात गेलेली चप्पल गेली, तिच्यामागे कुणीही जायचं नाही.

मुलांच्या आवडीचे क्लॉग्ज मागचा पट्टा लावला तरी प्रवाहात टिकत नाहीत. अनवाणी उतरणंही धोक्याचं. दगडांवरचं शेवाळ, फुटलेल्या बाटल्यांच्या काचा आणि मासेमारीचे गळ पाण्याखाली दिसत नाहीत.

चांगल्या बुटाची ओळख

पाण्यासाठीचा बूट म्हणजे वॉटरप्रूफ बूट, हा मोठा गैरसमज आहे. वॉटरप्रूफ ट्रेकिंग बुटात किंवा गमबुटात वरून पाणी शिरलं की ते बाहेर पडत नाही आणि पाय जड होतो. इथे हवा तो पाणी झटकन बाहेर सोडणारा बूट. विकत घेताना एवढं पाहा :

• पाणी निघायला वाट : वरचं कापड जाळीचं आणि तळाला किंवा बाजूला छिद्रं असावीत.

• टाचेवर पकड : बूट पायाला घट्ट बसावा. सँडल असेल तर टाचेमागे पट्टा हवाच.

• बोटांना संरक्षण : पुढचा भाग बंद आणि थोडा कडक असावा. पाण्यात पहिली ठेच बोटांनाच लागते.

• सोल : मऊ रबराचा, बारीक खाचांचा. कडक प्लॅस्टिकचा सोल ओल्या दगडावर घसरतो.

• अडकणारं काही नको : लांब लेस, लोंबणारे पट्टे, धातूचे हुक टाळा. लेस असेल तर गाठ मारून टोकं आत खोचा.

नवीन खरेदी करायलाच हवी असं नाही. टाचेला पट्टा असलेले फ्लोटर्स किंवा घट्ट बसणारे जुने कॅनव्हासचे बूट एका दिवसाच्या राफ्टिंगला चालतात. सुती मोजे मात्र घालू नका. ते ओले राहतात आणि पायाला फोड येतात.

पाणी कुठलं, तसा बूट

ऋषिकेशची गंगा : बर्फाच्या पाण्यावर वाहणारी ही नदी उन्हाळ्यातही गार असते. थंडीच्या दिवसांत जाणार असाल तर निओप्रीनचे बूट उपयोगी पडतात. निओप्रीन पाय कोरडा ठेवत नाही. आत शिरलेला पाण्याचा पातळ थर तुमच्याच अंगाच्या उबेने गरम होतो आणि तो तिथेच टिकून राहतो. राफ्टमध्ये तोल सांभाळायला पाय फुगीर आडव्या नळीखाली किंवा पायासाठी केलेल्या खोबणीत खुपसावा लागतो, त्यामुळे जाडजूड बूट नको. तो तिथे अडकू शकतो.

कोलाडची कुंडलिका : इथलं राफ्टिंग भिरा वीजप्रकल्पातून सकाळी सोडल्या जाणाऱ्या पाण्यावर चालतं. पाणी गंगेइतकं गार नसतं, त्यामुळे जाळीचे हलके बूट किंवा फ्लोटर्स पुरतात. काठावरचे ओले दगड लक्षात घेऊन सोलची पकड तेवढी तपासा.

कोकणचा समुद्र : खडकांना चिकटलेल्या कालवांची धार पायाला कापते, त्यामुळे सोल थोडा जाड हवा. वाळूत लपून बसणारा पाकट मासा हा दुसरा धोका. 2013च्या गणेशोत्सवात मुंबईच्या गिरगाव चौपाटीवर विसर्जनाला उतरलेल्या अनेक भाविकांना पाकटाने दंश केला होता. त्याचा काटा पातळ बुटातूनही आत शिरू शकतो. म्हणून उथळ पाण्यात पाय उचलून न टाकता वाळूवरून घासत चाला. चाहूल लागली की तो बाजूला होतो. स्कुबा करणार असाल तर फिन्स केंद्रावर मिळतात. त्याखाली काय घालायचं ते प्रशिक्षकाला विचारून ठरवा.

तलाव आणि वॉटर पार्क : कयाकिंग किंवा पॅडल बोर्डसाठी तलावात उतरताना चिखल असतो. सैल बूट चिखलातच रुतून बसतो. वॉटर पार्कमध्ये बऱ्याच घसरगुंड्यांवर बूट घालू देत नाहीत, पण दिल्लीच्या जूनमध्ये तापलेल्या फरशीवर चालायला ते लागतात. नियम आधी विचारून घ्या.

घरच्या बाथरूममध्ये परीक्षा

दुकानात बूट कोरडा असतो. ओला झाल्यावर तो थोडा सैल पडतो. म्हणून घरी तो घालून पाय बादलीत बुडवा आणि बाहेर काढा. पाणी लगेच निघून गेलं पाहिजे. मग पाय जोरात झटका. बूट जागचा हलला तर तो मोठा आहे. शेवटी आधाराला हात ठेवून ओल्या फरशीवर चालून पाहा.

कपाटात वर्षानुवर्षं पडून राहिलेला बूट ही परीक्षा न घेता नेऊ नका. त्याचा गोंद सुकलेला असतो आणि पहिल्याच भिजण्यात सोल सुटतो.

मुलं आणि ज्येष्ठ

‘पाय वाढतोय, एक नंबर मोठा घेऊ’ हा हिशेब शाळेच्या बुटाला ठीक आहे, पाण्याच्या बुटाला नाही. मुलांसाठी आजच्या मापाचाच बूट घ्या.

आजी-आजोबांना मधुमेह असेल तर जास्त काळजी घ्या. मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असू शकते आणि काच लागली तरी कळत नाही. त्यांनी काठावरसुद्धा अनवाणी चालू नये. पाण्यातून आल्यावर तळपाय आणि बोटांच्या बेचक्या कुणीतरी उजेडात तपासाव्यात.

बूट चांगला असला तरी...

राफ्टमधून पाण्यात पडलात, तर वाहत्या नदीत उभं राहायचा प्रयत्न करू नका. पाय दोन दगडांच्या फटीत अडकला की मागून येणारा प्रवाह माणसाला पुढे ढकलून पाण्याखाली दाबतो. पाणी कमरेएवढं असलं तरी हे घडू शकतं. लाइफ जॅकेट असूनही अशा वेळी तोंड पाण्यावर ठेवणं कठीण होतं. पाठीवर राहा, पाय वर आणि प्रवाहाच्या दिशेने पुढे ठेवा. समोर दगड आला तर तो बुटाच्या तळव्याने ढकला. गाइडच्या सूचना ऐका आणि पाणी संथ, उथळ झाल्यावरच उभे राहा.

जखम झालीच तर

कापलं असेल तर स्वच्छ पाणी आणि साबणाने धुवा, कोरडी पट्टी बांधा आणि पुन्हा पाण्यात उतरू नका. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारा. पाकटाचा दंश असेल तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवा. त्याने वेदना कमी होतात. मात्र पाणी आधी दुसऱ्याने हाताने तपासावं, म्हणजे भाजणार नाही. खोल रुतलेला काटा स्वतः ओढू नका, रुग्णालय गाठा.

परत आल्यावर

बूट गोड्या पाण्याने धुवा, आतली गादी काढा आणि सावलीत वाऱ्यावर वाळवा. कडक ऊन, हीटर किंवा हेअर ड्रायरने निओप्रीन आणि गोंद दोन्ही खराब होतात. पूर्ण वाळल्यावर आत कागद भरून ठेवा. पुढच्या सहलीआधी मुलांच्या पायात ते एकदा घालून बघा, कारण तोवर त्यांचं माप बदललेलं असेल.